हेडफोन आउटमधून एकच केबल नको

डिजिटल पियानोच्या हेडफोन आउटमधून एक स्टिरिओ केबल काढून ती ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या डबीच्या) पहिल्या इनपुटला लावली आणि आवाज पोकळ येतोय, असं तुम्ही लिहिलंय. इंटरफेस बिघडलेला नाही! त्याचा बॅलन्स्ड इनपुट प्लगचं टोक (टिप) आणि त्यामागची कडी (रिंग) यांच्यावरच्या सिग्नलमधला फरक तेवढा घेतो. तुमच्या केबलमध्ये टिपवर डावा चॅनल आहे आणि रिंगवर उजवा, त्यामुळे दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं वजा होतं. पियानोचा भरीवपणा नेमका तिथेच जातो.

लाइन आउटच्या डाव्या-उजव्या जॅकमधून दोन मोनो केबल काढून इनपुट १ आणि २ ला लावा. लाइन आउट नसेल तर हेडफोन आउटमधून वाय केबल (एका स्टिरिओ प्लगचे दोन मोनो प्लग करणारी) चालते. 'इन्स्ट' बटण बंद ठेवा, ते गिटारसाठी असतं. ४८ व्होल्टच्या बटणाचंही काम नाही, ते माइकला वीज देण्यासाठी असतं. गेन (इनपुटची पातळी) लावताना सगळ्यात जोरकस भाग वाजवून बघा; पीक -१२ ते -६ डीबीच्या दरम्यान राहिला की पुरे.

आणि हो, पियानोचं मॅन्युअल एकदा उघडाच. काही मॉडेल यूएसबीतून थेट ऑडिओ पाठवतात, मग रेकॉर्डिंगला इंटरफेस लागतच नाही. बऱ्याच मॉडेलमध्ये मात्र त्यातून फक्त मिडी जातं: कोणती पट्टी कधी आणि किती जोरात दाबली, अशी माहिती; आवाज नाही.