‘मीटिंगा घेऊन नळाला पाणी येत नसतं’ म्हणणाऱ्यांसाठी

हौदकाठ
परवा सोलापूरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एकाने पोस्ट टाकली: मीटिंग म्हणजे चहा-बिस्किटाचा खर्च, चार कामाच्या माणसांनी ठरवावं, बाकीच्यांनी वर्गणी द्यावी, आणि अगदीच वाटलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर पोल टाकावा. खाली अंगठेच अंगठे. तिथं उत्तर दिलं असतं तर ‘गुड मॉर्निंग’च्या फुलांत बुडालं असतं, म्हणून इथं सविस्तर लिहितो.

मीटिंगा फुकट जातात हे खरं. पण का जातात ते बघा. विषयपत्रिकेत ‘पाणीप्रश्नावर चर्चा’ असं लिहिलं की नुसती चर्चाच होते. विषय असा लिहावा की हात वर करून हो किंवा नाही म्हणता येईल: ‘पाणी सुटल्यावर पहिला अर्धा तास कुणी थेट नळाला मोटार लावायची नाही, हा नियम १ तारखेपासून लावायचा का?’ किंवा ‘टाकी धुण्याचं काम तिघांपैकी कुणाला द्यायचं?’ तिघांची कोटेशनं एकाच कागदावर शेजारी-शेजारी मांडायची. दर, काय-काय धुणार, गाळ कोण उचलणार, पैसे कधी, सगळं त्यात. तो कागद चार दिवस आधी जिन्याखालच्या बोर्डावर लागला पाहिजे. ऐन मीटिंगमध्ये कागद फिरवला की अर्धा तास चष्मे शोधण्यात जातो.

एका मीटिंगला तीन विषय, दीड तास. वादाचा विषय दुसऱ्या नंबरवर, कारण पहिल्याच्या वेळी निम्मे लोक यायचे असतात आणि शेवटच्याच्या वेळी निम्मे उठलेले असतात. अध्यक्षाला मत मांडायचं असेल तर त्या विषयापुरती खुर्ची सोडावी. लिहिणारा माणूस वेगळा हवा. बोलणाऱ्यालाच लिहायला लावलं की त्याचंच बोलणं तेवढं वहीत येतं. ठराव झाला की तिथंच मोठ्याने वाचायचा: काम कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, किती रुपयांच्या आत. यातलं एक जरी सुटलं तरी पुढच्या मीटिंगला तोच विषय दार वाजवतो.

चाळीसच्या वर लोक असतील तर सरळ गट पाडा. सहा-सात जणांचा एक, आणि नवरा-बायको, थोरले-धाकटे भाऊ वेगवेगळ्या गटांत. पंधरा मिनिटं द्या, प्रत्येक गटाने तीन अडचणी तीन चिठ्ठ्यांवर लिहायच्या, एका चिठ्ठीवर एकच. सगळ्या चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवायच्या, सारख्या असतील त्या एकाखाली एक. मग टिकल्यांचं पाकीट काढायचं. प्रत्येकाला तीन टिकल्या, ज्या चिठ्ठ्या महत्त्वाच्या वाटतात त्यांवर लावायच्या. दहा मिनिटांत कळतं गल्लीला काय बोचतंय, आणि भर सभेत तोंड न उघडणाऱ्यांचं मतही मोजलं जातं.

आणि पोल? पर्याय लिहिणाराच निम्मा निकाल लावून ठेवतो. अंगठा दाबायला काही लागत नाही. वर्गणीच्या वेळी ‘मी पोल बघितलाच नव्हता’ हे ऐकायची तयारी ठेवा.

कडकभाकरी
पोस्ट माझीच हाय. नाव घेऊन लिहायचं की ओ, आडून कशाला बोलालाव?

टिकल्या चिकटवून सोलापूरचा पाणीप्रश्न सुटणार म्हणता, म्हणजे कमालच. सोसायट्यांचे कायदे-नियम काय म्हणतात बघा. वार्षिक सभेला चौदा दिवसांची नोटीस, ३० सप्टेंबरच्या आत सभा, कोरम, म्हणजे गणपूर्तीला लागणारे सभासद, दोन-तृतीयांश किंवा वीस, जे कमी असेल ते. वीस माणसं येत नाहीत. मग त्याच नोटिशीत खाली लिहिलेलं असतं, ‘गणपूर्तीअभावी तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच जागी सभा होईल, तिला गणपूर्तीची अट राहणार नाही.’ अर्ध्या तासाने तीच सात टाळकी बसतात आणि ठराव मंजूर. म्हणजे चार-सात माणसंच ठरवतात. मी तेच उघड म्हटलं तर एवढी आग का?

प्रोसिडिंगबुक
कडकभाकरी, तहकुबीचं बरोबर आहे. पण ती सात टाळकी नोटिशीत नसलेला विषय घेऊ शकत नाहीत, हे सोयीस्करपणे गाळलंत. खरी चोरी होते ती ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या शेवटच्या ओळीत. रंगकाम, लिफ्टचं कंत्राट, सीसीटीव्ही, सगळं तिथून आत येतं. आयत्या वेळच्या विषयात खर्चाचा ठराव घ्यायचा नाही, एवढं एकदा ठरवून टाका.

दुसरी पळवाट वहीची. मीटिंग संपल्यावर ‘फेअर करतो’ म्हणून घरी नेलेली वही आठ दिवसांनी परत येते, तेव्हा तिच्यात भलतेच ठराव असतात. पानांवर आधीच नंबर घाला. लिखाण संपलं तिथं उरलेल्या जागेवर तिरकी रेघ मारा. लोक उठायच्या आत सह्या घ्या आणि त्या पानाचा फोटो तिथंच ग्रुपवर टाका. व्हॉट्सअ‍ॅपचा उपयोग करायचा तर असा करा.

शालश्रीफळ_नको
वही राहू द्या. आधी सत्कार बंद करा! सहाची मीटिंग, साडेसहाला माजी अमुक येणार, पावणेसातला तमुक. मग शाल, नारळ, दोन शब्द, त्या दोन शब्दांवर आभाराचे दोन शब्द. पाण्याचा विषय निघतो तेव्हा बायका कुकर लावायला उठलेल्या असतात. बाहेरचा पाहुणा बोलवायचाच असेल तर महापालिकेच्या झोन कार्यालयातला पाणीवाला बोलवा, तोही फक्त त्या विषयाच्या वीस मिनिटांसाठी, आणि प्रश्न आधी लेखी द्या. स्टेज, बॅनर काही नको. सतरंजीवर गोल बसा.

पूर्वभाग
बायका उठतात म्हणे. मुळात त्या येतील अशी वेळ कोण ठेवतं? विडी वळणाऱ्या बाईला मजुरी हजाराच्या हिशेबाने मिळते. सकाळी विडी कंपनीच्या ब्रँचला विड्या द्यायच्या, पान-तंबाखू घेऊन यायचं, मग दिवसभर सूप मांडीवर. तिला अकरा वाजता दोन तास बसवणं म्हणजे तिच्या हजारातून कापून घेणं. यंत्रमागवाल्याची पाळी बघा. पाण्याचा दिवस तर सोडाच, त्या दिवशी साक्षात ग्रामदैवत सिद्धरामेश्वर सभेला बसले तरी गल्लीतलं कुणी यायचं नाही.

आणि भाषा. एका गल्लीत तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी. नोटीस मराठीतच असू दे, पण ठराव वाचताना गल्लीत जास्त बोलली जाते त्या दुसऱ्या भाषेत कुणीतरी सांगितलाच पाहिजे. नुसती मान हलली म्हणजे होकार धरू नका. त्यांना विचारा, ‘काय ठरलं, सांगा बघू.’ तिथं निम्म्या ठरावांची हवा जाते.

कडकभाकरी
सगळं मान्य की. पण मूळ मुद्द्याला कुणी हात लावेना. ज्या गल्लीत घरटी अर्ध्या एचपीची मोटार थेट नळाला लावलेली हाय, तिथं तुमचा ‘पहिला अर्धा तास’वाला ठराव पाळणार कोण? चार-पाच दिवसांआड पाणी येतं. उजनी धरणावरून शंभराहून जास्त किलोमीटर लाइन, वाटेत कुठं वीज गेली की वेळापत्रक कोसळलं. माणूस ठरावाकडं बघणार का टाकीकडं?

चावीवाला_नव्हे
मोटारीवर बोलायचंच तर नीट बोलू. लाइनीत दाब कमी असताना मोटार लावली की ती लाइनीतलं पाणी ओढते. शेजाऱ्याच्या नळाला फक्त फुस्स हवा. त्याहून वाईट म्हणजे लाइनीत उणा दाब झाला की गळक्या जॉइंटमधून गटाराचं पाणी आत येतं. पाणी सुटल्यावर सुरुवातीची काही मिनिटं वास येतो, त्याचं एक मोठं कारण हे. मग गल्लीभर जुलाब, आणि महापालिकेच्या नावाने शिव्या.

टेरीटॉवेल
हो, आणि वरच्या मजल्यावर पाणी मोटारीशिवाय आपोआप चढणार काय? ज्यांच्या अंगणात हौद आहे त्यांनी नियम सांगू नयेत. नावच ‘हौदकाठ’!

हौदकाठ
नावावर जाऊ नका. हौद नसला तरी उपाय आहे. नळाखाली दोनशे लिटरचं पिंप ठेवा, नळाचं पाणी आपल्या दाबाने पिंपात पडू द्या आणि मोटार पिंपाला लावा. लाइनीला हात लागत नाही आणि पाणी वर जातं.

चावीवाला_नव्हे
अर्धवट सांगू नका, लोक मोटारी जाळतील. घरगुती अर्ध्या एचपीची मोटार मिनिटाला तीस-चाळीस लिटर उचलते. नळ त्याच्या निम्मंही देत नाही. पिंप थोड्याच मिनिटांत तळाला, मोटार कोरडी फिरते, सील जळतं. पिंपात फ्लोट स्विच लावाच, पाणी बुडापासून वीतभर उरलं की मोटार बंद. मोटारीच्या पाइपच्या तोंडाचा फूटव्हॉल्व्ह बुडाला टेकवू नका, गाळ ओढेल. आणि पिंपावर झाकण. पाच दिवस साठवलेलं उघडं पाणी म्हणजे डेंगीला आवतण.

टेरीटॉवेल
फ्लोट स्विचचा खर्च कोण देणार? भाडेकरू की घरमालक? की तो पण टिकल्या लावून ठरवायचा?

चावीवाला_नव्हे
तीच तर ठरावाची गोष्ट आहे महाराज! नुसतं ‘मोटार बंद’ म्हटलं तर कुणी ऐकणार नाही. आधी मोजून या. वीस लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ. पाण्याच्या दिवशी गल्लीच्या पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या घरी बादली किती वेळात भरते ते लिहा. एकदा मोटारी चालू असताना, पुढच्या पाळीला बंद असताना. समजा पहिल्या घरी दीड मिनिट आणि शेवटच्या घरी नऊ मिनिटं लागली, तर दोन तासांत एकाला सोळाशे लिटर आणि दुसऱ्याला पावणेतीनशेही नाही. हा कागद भिंतीवर लागला की पहिल्या घरवाल्याला ‘मला कुठं जास्त येतं’ म्हणता येत नाही. मोजायला त्यालाच सोबत घ्या, नाहीतर आकडे खोटे म्हणेल.

ग्रामसभा_कोरम
शहरवाल्यांचं बरं आहे. आमच्याकडे ग्रामसभेचा कोरम पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, जे कमी ते. तहकूब झाली की ती पण अट जाते. मग रजिस्टर घरोघर फिरतं, अंगठे-सह्या गोळा होतात आणि ‘सर्वानुमते’. महिलांची सभा आधी घ्यायची असते, ती कागदावरच होते.

तरी मी हौदकाठ यांच्या बाजूचा. हिवरे बाजार या गावात शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, पावसाच्या हिशेबाने पिकं घ्यायची, हे ग्रामसभेने ठरवलं आणि पाळलं. नियम सगळ्यांना सारखा होता म्हणून तो टिकला.

कडकभाकरी
आलं, हिवरे बाजार आलंच! त्याशिवाय चर्चा पूर्ण होत नाही. तिथं सरपंच पोपटराव पवार होते. एक माणूस तीसेक वर्षं मागं लागला म्हणून झालं, म्हणजे माझंच म्हणणं खरं. सिद्धेश्वराच्या यात्रेत सातही नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, दरवर्षी निघतात, ते काय टिकल्या लावून? ज्याचा मान त्याचं काम, ठरलेलं असतं.

पूर्वभाग
नंदीध्वजाचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच माणूस पेलत नाही. धरणारे बदलतात, कुठं बदलायचं ते माहीत असतं, सराव आधी होतो. तेवढं ठरवायला कधीतरी एकत्र बसावंच लागतं.

शालश्रीफळ_नको
फक्त तिथं सत्कार होत नाही मधेच.

कडकभाकरी
बरं, बादलीचं पटलं. टिकल्यांचं हसू येतंय अजून, पण चला, घेऊ. उद्या ‘टिकलीवाला’ म्हणाल मला. आता एक सांगा: सगळ्यात मोठी, एक एचपीची मोटार अध्यक्षाच्याच नळाला असेल तर?

प्रोसिडिंगबुक
तर त्या विषयापुरतं अध्यक्षपद दुसऱ्याकडे, कारण त्याचा स्वतःचा संबंध येतो. तसं वहीत लिहा. बादली मोजायला पहिलं घर त्याचंच धरा. आणि नोटिशीत विषय स्वतंत्र नंबर टाकून लिहा, आयत्या वेळचा म्हणून नको, नाहीतर तो पहिली हरकत तीच घेईल.

टेरीटॉवेल
फ्लोट स्विचच्या खर्चाचं अजून कुणी सांगितलं नाही.