मदत हवी आहे : विलिंग्टन अकादमीची जुनी कागदपत्रं

नमस्कार मंडळी. अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या आजच्या मॅक्कॉर्मिक काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) विलिंग्टन नावाचं खेडं आहे. मोझेस वॉडेल या प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) पाद्र्यांनी १८०४ मध्ये तिथे मुलांसाठी खासगी अकादमी काढली. खोल्या ओंडक्यांच्या. मुलं झाडाखाली बसून व्हर्जिल, होमर या प्राचीन लॅटिन-ग्रीक कवींच्या ओळी घोकायची आणि शिंग वाजलं की गोळा व्हायची. आपल्याकडच्या पंतोजींच्या पाठांतराची आठवण येतेच! पुढे राजकारणी झालेले जॉर्ज मॅकडफी, नामांकित वकील जेम्स पेटिग्रू इथेच शिकले. १८१९ मध्ये वॉडेल जॉर्जिया विद्यापीठाचे प्रमुख झाले.

मला या शाळेवर मराठीत सविस्तर लिहायचंय. मुलांची फी, आसपासच्या घरांत राहण्याजेवण्याचा खर्च, हे कुठल्या कागदांत सापडेल? मॅक्कॉर्मिक काउंटी १९१६ ची, त्याआधी हा भाग ॲबव्हिल जिल्ह्यात होता; म्हणजे जुनी दप्तरं ॲबव्हिलला शोधायची का?

आणि एक गोष्ट मनातून जात नाही. याच राज्यात १८३४ च्या कायद्याने गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं गुन्हा ठरवलं. शाळेभोवती राबणाऱ्या त्या माणसांची नावं मृत्युपत्रांत, खरेदीखतांत मिळतात का? राज्याची राजधानी कोलंबिया इथल्या राज्य अभिलेखागारात कुणी काम केलं असेल तर सुरुवात कुठून करू, कृपया सांगा.