०-३: दुखणं फिरकीचंच

रोहित-विराटला कसोटी संघातून काढलं की झालं, असं तेव्हा बरेच जण म्हणत होते; ते पटत नाही. २०२४ मध्ये न्यूझीलंडने घरात येऊन कसोटी मालिकेत ३-० ने धुतलं, त्यात बंगळुरूत ४६ धावांत सर्वबाद झालो ते ढगाळ हवा आणि सीममुळे (शिवणीवर पडून दिशा बदलणाऱ्या वेगवान चेंडूंमुळे). पण पुण्यात त्यांचा फिरकीपटू सँटनरने १३ बळी घेतले ते वेग बदलून! आपले फलंदाज अर्धवट पुढे येऊन आडव्या बॅटने खेळत होते. विराट तर फुलटॉसवर बोल्ड. अशा खेळपट्टीवर एक तर पूर्ण पुढे यायचं, नाहीतर थेट मागे जायचं. त्यांचा सलामीवीर कॉनवेने स्वीप, रिव्हर्स स्वीप (गुडघ्यावर बसून मारलेले फटके) मारून गोलंदाजाला टप्पा बदलायला लावला. वानखेडेवर १४७ चा पाठलाग करताना १२१ वर सर्वबाद, फार जिव्हारी लागलं. नेट्समध्ये उखडलेल्या खेळपट्टीवरच सराव हवा, आणि मोठ्यांनी रणजी खेळायलाच हवी.