मदत हवी आहे : करारातल्या 'ग्रॉस अप'चा अर्थ आणि उगम

नमस्कार मंडळी,

मी एका सहकारी साखर कारखान्यात अकाउंट्सला आहे. टर्बाइनच्या कामासाठी एका जर्मन कंपनीकडून तांत्रिक सल्ला घ्यायचा आहे. करार इंग्रजीत आहे. संचालक मंडळापुढे मराठी टिप्पणी ठेवायची आहे आणि एका कलमापाशी मी अडले आहे. कलमाचा आशय असा : भारतात जो कर कापला जाईल तो कारखान्याने सोसायचा आणि बिलाची रक्कम 'ग्रॉस अप' करायची.

हिशेब येतो, अडचण तिथे नाही. सोयीसाठी फी १० लाख रुपये धरा. जर्मनीबरोबरच्या कर-करारानुसार दर १० टक्के. रहिवासाचा दाखला वगैरे कागद त्यांनी दिले आहेत, त्यामुळे तोच दर लागेल. १० लाखांना ०.९ ने भागलं की ११,११,१११ येतात. त्यातून १,११,१११ कर भरायचा, म्हणजे त्यांच्या हातात बरोबर १० लाख पडतात.

पण एका ज्येष्ठ संचालकांनी कच्चा मसुदा पाहून विचारलं, "दर दहा टक्के आहे ना? मग एक लाख भरा. वरचे अकरा हजार एकशे अकरा कुणाचे?" प्रश्न रास्त आहे. पैसा सभासदांच्या उसाचा आहे, तेव्हा प्रत्येक रुपयाचं उत्तर मला देता आलं पाहिजे. 'सूत्रच तसं आहे' एवढं सांगून भागणार नाही.

तर दोन गोष्टी हव्या आहेत. हा शब्दप्रयोग आला कुठून, त्यातल्या 'अप'चं काम काय? आणि टिप्पणीत मराठीत काय लिहू? 'ढोबळ करणे' लिहिलं तर लोक अंदाजपंचे रक्कम समजतील.

प्रतिसाद

ताई, आधी संचालकसाहेबांचं उत्तर. कंपनीच्या वतीने तुम्ही जो एक लाख कर भरता, तोही कायद्याच्या नजरेत त्या कंपनीचंच उत्पन्न. म्हणून त्यावर १० टक्के, म्हणजे १०,०००. ते तुम्हीच भरणार, म्हणून त्यावर १,०००. मग १००, मग १०, मग १. करा बेरीज : १,११,१११. ही उतरंड टिप्पणीत जशीच्या तशी मांडा, सूत्राची गरजच पडणार नाही. उलट नुसता एक लाख वाढवून ११ लाखांवर कर कापलात, तर कपात १,१०,००० होते आणि त्यांना ९,९०,००० मिळतात. करारातल्या रकमेला १०,००० कमी पडले.

आता शब्द. 'ग्रॉस' मूळ फ्रेंच 'ग्रो', म्हणजे जाड, मोठं. 'नेट' हाही फ्रेंचच, अर्थ स्वच्छ. वजावट झाली की उरतं ते नेट. 'अप' इथे आकडा वर नेण्याचा, 'राउंड अप'मध्ये असतो तसा. ब्रिटनमध्ये १८०३ पासून उत्पन्न हातात येण्याआधीच कर कापायची पद्धत आली. हातात नेट येणार आणि कराचा दर मात्र ग्रॉसवर, म्हणजे खालून वर चढणं आलंच.

आपल्याकडेही हे जुनंच आहे. १९२२ च्या आयकर कायद्यात कलम १६(२) होतं. कंपनीने भरलेला कर लाभांशात मिळवून भागधारकाचं उत्पन्न मोजायचे. १९५९ च्या वित्त कायद्याने ते थांबलं. पुढे लाभांश वितरण करातही (वाटलेल्या लाभांशावर कंपनीने भरायचा कर) १ ऑक्टोबर २०१४ पासून हीच रीत आली, म्हणून १५ टक्क्यांचा दर अधिभार-उपकर सोडूनही प्रत्यक्षात १७.६५ टक्के (१५ भागिले ८५) पडायचा.

तुमच्या कामाचं खरं सांगायचं तर १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम १९५अ वाचा. (१ एप्रिल २०२६ पासून त्या कायद्याची जागा २०२५ च्या आयकर कायद्याने घेतली, तेव्हा टिप्पणीत जुना कलम क्रमांक टाकू नका.) मथळ्यात 'नेट ऑफ टॅक्स' असे शब्द होते आणि मजकुरात 'ग्रॉस अप' हा शब्दच नव्हता. तिथे सरळ म्हटलं होतं की कर वजा जाता ठरलेली निव्वळ रक्कम उरेल, इतपत उत्पन्न वाढवायचं. तेच मराठीत लिहा. एका शब्दाचा हट्ट कशाला?

आणखी एक. कर-कपातीच्या प्रमाणपत्रात ११,११,१११ आणि १,११,१११ हेच आकडे यायला हवेत. तिथे १० लाख टाकले तर पुढे ताळमेळ बसत नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार. लाख, दहा हजार, हजार ही उतरंड पाहिली की बैठकीत कुणीही समजेल. टिप्पणीत असं लिहिते आहे :

'करारानुसार कंपनीला निव्वळ १०,००,००० रुपये द्यायचे असून त्यावरील कर कारखान्याने सोसायचा आहे. कर वजा जाता ही रक्कम उरावी यासाठी करपूर्व रक्कम ११,११,१११ रुपये धरली आहे. कारखान्याचा एकूण खर्च तेवढाच राहील.'

शेवटच्या वाक्याबद्दल मात्र शंका आहे. परदेशातून सेवा घेतल्यावर रिव्हर्स चार्जने जीएसटी कारखान्यानेच भरायचा असतो. तो वेगळा दाखवला नाही, तर 'तेवढाच' हा शब्द खोटा ठरेल. तो खाली स्वतंत्र ओळीत टाकते. कुणी अशी टिप्पणी आधी लिहिली असेल तर मांडणी कशी केली ते कळवा, बैठक सोमवारी आहे.