कंपनीतून निवृत्त होऊन गावी आलो आहे; वेळ आणि देणगी कुठे द्यावी?

प्रश्न: निवृत्त रसायनतज्ज्ञ, गुहागर तालुका

नमस्कार. लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे नोकरी करून मी गेल्या मार्चमध्ये निवृत्त झालो आणि पत्नीसह मूळ गावी कायमचा राहायला आलो. मुलगी नोकरीला लागली आहे, घराची डागडुजी झाली आहे, कलमांकडे चुलत भाऊ पाहतो आणि प्रकृती अजून साथ देते आहे. आठवड्यातले दोन दिवस नियमाने कुणाच्या तरी उपयोगी पडावे आणि निवृत्तीच्या रकमेतून बाजूला काढलेले दोन लाख रुपये योग्य ठिकाणी जावेत, अशी आम्हा दोघांची इच्छा आहे.

मी अडखळतो आहे त्याचे कारणही सांगतो. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी कंपनीच्या सामाजिक दायित्वाच्या कामात मदत करत असे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते, आणि मार्च जवळ आला की उरलेली रक्कम खर्ची घालण्याची घाई होते. अशाच एका घाईत आम्ही एका शाळेला पाच संगणक दिले. पुढच्या वर्षी त्या बाजूला गेलो असताना सहज डोकावलो, तर पाचही संगणक एका फुलाफुलांच्या चादरीखाली झाकलेले होते, कारण बिल थकल्यामुळे शाळेची वीज तोडलेली होती. थकबाकी जेमतेम काही हजारांची होती. विजेच्या बिलासाठीही देणगी मागता येते हे शाळेला सुचले नव्हते, आणि आम्ही ते विचारले नव्हते. ती चादर माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, आणि स्वतःच्या पैशांच्या बाबतीत तीच चूक मला पुन्हा करायची नाही.

गावकीच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराची वर्गणी मी दिली आहे. ती गावाची रीत आहे आणि तिचा येथे प्रश्न नाही. शाळा, वाचनालय, वृद्धांची कामे, किनाऱ्यावरचे कासव संवर्धन यांपैकी कुठे माझ्यासारख्याचा खरा उपयोग होईल, आणि रक्कम एकदम द्यावी की टप्प्याटप्प्याने, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर: ग्रामीण वाचनालयाच्या ग्रंथपाल, चिपळूण तालुका

आपला प्रश्न वाचून मला २०२१ सालचा पूर आठवला. २२ जुलैला वाशिष्ठीचे पाणी चढले तेव्हा आमच्या वाचनालयाची खालची तीन कपाटे पाण्यात गेली. पुस्तके चिखलाने अशी फुगली होती की कपाटातून ओढून निघत नव्हती. फळ्या कापून ती काढावी लागली. त्यानंतर पुस्तकांची खोकी येऊ लागली. देणाऱ्यांच्या मनात आमच्याविषयी कळकळ होती, हे मी कधीही विसरणार नाही. परंतु त्या खोक्यांत कालबाह्य झालेली स्पर्धा परीक्षांची पुस्तके, जुन्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तके आणि एकाच पुस्तकाच्या सात-आठ प्रती असे बरेच काही होते, आणि ते निवडायला, दाखल नोंदवहीत चढवायला, विषयवार लावायला माणूस नव्हता. मी एकटी, आणि तीही अर्धवेळ.

त्या वर्षी एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले एक गृहस्थ दर गुरुवारी सकाळी दहाला येऊ लागले. त्यांनी पहिल्या दिवशी फक्त नोंदवही पाहिली. दुसऱ्या गुरुवारी येताना त्यांनी घरून जाड दोरा, दाभण आणि खळ आणली आणि वाचवण्यासारखी पुस्तके बाजूला काढून बांधायला घेतली. चौदा महिने त्यांचा गुरुवार चुकला नाही. भर पावसात एसटी बंद असली तर आदल्या रात्री फोन येई. त्यांनी आम्हाला रोख रक्कम अशी फारशी दिली नाही, पण आज आमच्या वाचनालयात हवे ते पुस्तक मिळते, त्याचे श्रेय त्या गुरुवारांना आहे. म्हणून माझे पहिले म्हणणे हे, की आपण वार आणि वेळ ठरवून द्यावी. "कधीही बोलवा, येईन" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण त्यांना बोलावण्याचा संकोच वाटतो आणि अखेर बोलावणे राहून जाते.

पैशांविषयीही मन मोकळे करते. लोक पुस्तकांना, कपाटांना, इमारतीवर नाव लागेल अशा वस्तूंना देतात. झाडलोट करणाऱ्या बाईच्या मानधनाला, वीजबिलाला, वर्तमानपत्रांच्या बिलाला देणारे जवळजवळ कुणी भेटत नाही. शासनाचे अनुदान हप्त्यांनी येते आणि दोन हप्त्यांच्या मधले महिने कार्यकारिणीच्या खिशातून निघतात. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालापासून उभे आहे. अशा जुन्या, मोठ्या संस्थांकडे देणगीदारांचे लक्ष सहज जाते. वाडीवस्तीच्या वाचनालयाकडे आपणच वळून पाहिले तर ते दिसते.

उत्तर: माध्यमिक शिक्षिका, गुहागर तालुका

आपण माझ्या वडिलांच्या वयाचे आहात, म्हणून काका म्हणते. काका, आपण विज्ञानाचे जाणकार आहात आणि आपल्याच तालुक्यात राहता, हे वाचून फार आनंद झाला.

आठवीतल्या मुलांसाठी एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा असते. शासकीय आणि अनुदानित शाळांतल्या ज्या मुलांच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपेक्षा अधिक नाही, त्यांना ती देता येते. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे नव्वद-नव्वद प्रश्नांचे दोन पेपर असतात, आणि निवड झालेल्या मुलाला नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. मच्छीमाराच्या किंवा बागेत मजुरी करणाऱ्याच्या घरात एवढ्या रकमेवर मुलीचे अकरावीला तालुक्याच्या गावी जाणे ठरते. मी ते स्वतः पाहिले आहे. आमच्या शाळेत विज्ञान आणि गणित मिळून मी एकटीच शिकवते, आणि जनगणना, निवडणूक, माहिती भरणे यांतून या परीक्षेच्या सरावासाठी वेळ काढताना ओढाताण होते. आठवड्यातून दोनदा दीड-दीड तास कुणी शांतपणे बसून मुलांकडून प्रश्न सोडवून घेतले, तर त्याचे मोल पाच संगणकांपेक्षा अधिक आहे.

मुलांना उत्तर सांगण्याची घाई मात्र करू नका. गेल्या वर्षी आलेले एक सद्गृहस्थ फळ्यावर भराभर गणिते सोडवून दाखवत, मुले वहीत उतरवून घेत आणि घरी गेल्यावर त्यांना एकही सुटत नसे. त्यांचा हेतू चांगला होता, म्हणून मला बोलता आले नाही, आणि ते वर्ष वाया गेले.

रीतीप्रमाणे आधी मुख्याध्यापकांना भेटून अर्ज द्यावा आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत त्याची नोंद करून घ्यावी. शाळेने ओळखपत्र किंवा पोलीस पडताळणी मागितली तर त्यात अविश्वास मानू नये; मुलांच्या सुरक्षिततेसाठी ती सर्वांनाच मागितली पाहिजे. वर्ग शाळेच्या वेळेत, दार उघडे ठेवून, शक्यतो एखाद्या शिक्षकाच्या उपस्थितीत घ्यावा. केंद्र शासनाच्या विद्यांजली या संकेतस्थळावरही शाळा आपल्या गरजा नोंदवतात आणि निवृत्त व्यक्ती स्वयंसेवक म्हणून नाव देऊ शकतात, परंतु गावातल्या गावात प्रत्यक्ष जाऊन भेटणे अधिक लवकर फळते.

उत्तर: न्यासांचे हिशेब पाहणारे, रत्नागिरी

रकमेविषयी लिहितो. दोन लाख एकरकमी देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कंपनीतून निवृत्त झालेल्यांना सरकारी नोकरासारखे निवृत्तिवेतन नसते. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतून मिळणारी पेन्शन बहुतेकांना तुटपुंजीच असते, आणि आजारपण सांगून येत नाही. हे दोन लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर सध्याच्या ८.२ टक्के दराने वर्षाला १६,४०० रुपये, म्हणजे दर तिमाहीला ४,१०० रुपये व्याज हातात येते. ते व्याज एका ठरलेल्या संस्थेला दर तिमाहीला द्यावे. मुद्दल आपल्या नावावर राहते, आणि वर लिहिणाऱ्या ग्रंथपालबाईंना ज्या महिन्यांची चिंता असते त्या महिन्यांत पैसे पोचतात. पाच वर्षांनी ठेवीची मुदत संपेल तेव्हा संस्था कशी आहे हे आपल्याला पुरते कळलेले असेल. मग मुद्दलाचा निर्णय घ्यावा.

करसवलतीबाबत लोकांचा गैरसमज फार आहे. ज्याला सगळे ८०जी म्हणतात ती सवलत जुनी करप्रणाली निवडणाऱ्यालाच मिळते. नव्या प्रणालीत ती नाही. दोन हजारांपेक्षा अधिक रोख दिलेल्या देणगीवर आणि वस्तुरूपाने दिलेल्या देणगीवर ती मिळत नाही, म्हणून धनादेशाने किंवा खात्यातून द्यावे. नुसती पावती पुरत नाही; संस्थेने देणग्यांचे विवरण आयकर खात्याकडे भरून आपल्याला देणगीचे प्रमाणपत्र द्यायला हवे, आणि त्याची मुदत वर्ष संपल्यानंतरच्या ३१ मेपर्यंत असते. पुष्कळ लहान संस्था हे विवरण भरतच नाहीत, कारण ते भरणारा माणूस त्यांच्याकडे नसतो.

आणि येथेच आपल्या ओळखीतल्या, लेखा विभागातून निवृत्त झालेल्या मंडळींना मी हाक मारतो. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली नोंदलेल्या संस्थेत विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. तो वर्षानुवर्षे दिलेला नसतो. कागदोपत्री विश्वस्त असलेल्यांपैकी दोघे दिवंगत, एक मुंबईला, आणि प्रत्यक्ष काम पाहणाऱ्याचे नाव कुठेच नाही, अशी स्थिती मी कितीतरी संस्थांत पाहतो. मग बँक खात्यावर सही कुणी करायची यावरून चांगली संस्था बंद पडते. ज्याने आयुष्यभर फायली नीट लावल्या, अशा माणसाने महिन्यातून दोन दिवस दिले तर एकेक संस्था वाचेल.

देणगी देण्यापूर्वी मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागावेत. प्रामाणिक संस्थेला या मागणीने वाईट वाटत नाही.

उत्तर: निवृत्त बँक कर्मचारी, वेंगुर्ले

मी आणि माझे तीन सहकारी दर सोमवारी एका वाडीत जाऊन पेन्शनरांचे हयातीचे दाखले भरून देतो. आमच्याकडे काजूच्या कारखान्यांत आयुष्य घालवलेल्या अनेक वृद्ध स्त्रिया आहेत. टरफलातल्या तेलाने त्यांच्या बोटांची कातडी जळून गुळगुळीत झालेली असते आणि अंगठ्याचा ठसा यंत्रावर उमटत नाही. एक आजी बोट पुसून, पदराला घासून, पुन्हा पुन्हा यंत्रावर ठेवत होत्या आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे अपराध्यासारख्या पाहत होत्या. जीवन प्रमाण या हयातीच्या दाखल्याच्या सरकारी प्रणालीत आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला होतो, म्हणून आम्ही त्यांना पडवीत उजेडाकडे तोंड करून बसवले आणि पापणी लवताच काम झाले. १९९५ च्या योजनेची किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे; तीसुद्धा दाखल्याअभावी थांबते, आणि ती सोडवायला बाई रिक्षाला दोनशे रुपये घालते.

या कामाला आधार क्रमांक, पेन्शनचा आदेश क्रमांक, बँक खाते आणि संदेश येणारा मोबाइल एवढेच लागते. कुणाचीही कागदपत्रे घरी नेऊ नयेत आणि ओटीपी लिहून ठेवू नये, हा नियम आम्ही पाळतो. कायद्याच्या कामाची आवड असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणूनही अर्ज करता येतो.

उत्तर: होमस्टे चालक, मंडणगड तालुका

कासवांविषयी थोडक्यात. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली ग्रामस्थांना बरोबर घेऊन हे काम सुरू केले. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची घरटी राखण्याचे काम वन विभागाच्या देखरेखीखाली गावातलेच कासवमित्र करतात; त्यासाठी रात्री आणि पहाटे वाळूत मैलभर चालावे लागते आणि अंडी हाताळायचे काम शिकलेल्यानेच करायचे असते. साठीनंतर ते पेलेलच असे नाही. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पिल्ले समुद्रात सोडताना पर्यटकांची गर्दी होते, तेव्हा दोरीच्या मागे लोकांना उभे करून शांतपणे माहिती सांगणारा जाणता माणूस मात्र हवाच असतो.

प्रश्नकर्ता:

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. पत्नीला सगळी उत्तरे वाचून दाखवली. दोन लाख बचत योजनेत ठेवून व्याज तिमाहीला द्यायचे, हे आमचे ठरले. पहिले वर्ष ते व्याज आमच्या शेजारच्या गावातल्या वाचनालयाच्या वीजबिलाला आणि वर्तमानपत्रांना जाईल. मार्चअखेरचे अहवाल मी काल मागितले आणि सचिवांनी ते लगेच काढून दिले.

बाई, आपल्या शाळेसाठी मी मंगळवार आणि शुक्रवार राखून ठेवले आहेत. आमच्या गावातून सव्वानऊची एसटी आहे, ती दहाच्या सुमारास आपल्या फाट्यावर येते. मुख्याध्यापकांसाठी अर्ज लिहून ठेवला आहे. गेल्या दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळाल्या तर मुलांपुढे येण्याआधी मी स्वतः घड्याळ लावून त्या सोडवून पाहीन, म्हणजे मुले नेमकी कुठे अडतात हे मला कळेल.