कुस्कोला (पेरू) दोघं मित्र जातोय, पहिले दोन-तीन दिवस कसे काढायचे?

सातपूरचा_भटक्या

नमस्कार मंडळी, मी आणि माझा मित्र, दोघं नाशिकचेच, अकरावीपासून सोबत ट्रेक करतोय. मे एंडला पेरूला जायचं जवळजवळ फायनल झालंय, पाठीवर बॅगा टाकून, स्वस्तातल्या होस्टेलमधे राहून, एकूण सोळा दिवस. मुंबईहून लिमा आणि तिथून विमानानेच कुस्को. प्लॅन असाय की सकाळी कुस्कोला उतरायचं, बॅगा टाकायच्या, दुपारी चढून साक्सायवामान (शहरावरची इंकांची दगडी गढी) बघून यायचं, दुसऱ्या दिवशी रेनबो माउंटन आणि तिसऱ्या दिवशी माचू पिक्चूच्या दिशेने निघायचं. मित्र म्हणतो आपण हरिहर, साल्हेर, कळसूबाई सगळं केलंय, अलंग-मदन-कुलंग केलंय, आपल्याला काय होतंय. पण मला खरंच धाकधूक वाटतेय.

अजून दोन गोष्टी. माझ्याकडे अमेरिकेचा व्हिसा आहे, त्याच्याकडे कुठलाच नाही. आणि तो शुद्ध शाकाहारी आहे, अंडंही खात नाही, त्याच्या आईने मला बजावून सांगितलंय की त्याच्या जेवणाचं तू बघ. कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा.

गोदाकाठची

दादा, हा प्लॅन आहे तसा करू नका, अगदी कळकळीने सांगतेय.

आपलं नाशिक साधारण ६०० मीटरवर. कळसूबाई १,६४६. कुस्को शहर, म्हणजे जिथे लोक भाजी आणायला जातात आणि पोरं शाळेत जातात ते साधं शहर, ३,४०० मीटरवर आहे. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी कुस्को वरच राहतं. आणि लिमा समुद्राच्या काठाला, तिथून सव्वा तासात विमान तुम्हाला वर नेऊन ठेवतं, शरीराला कळतही नाही काय झालं ते. रेनबो माउंटन तर ५,००० च्या वर, ते दुसऱ्या दिवशी नकोच. उंचीवरच्या विरळ हवेने जो त्रास होतो त्याला तिथले लोक सोरोचे म्हणतात आणि तो फिटनेस बघून येत नाही. ट्रेकर माणसाला उलट जास्त जपावं लागतं कारण तो थांबत नाही.

मी दोन वर्षांपूर्वी मैत्रिणीबरोबर गेले होते. ती रोज पहाटे गंगापूर रोडला पळणारी, मी आपली ऑफिस ते घर. आम्ही पण पहिल्याच दुपारी सान ब्लासच्या पायऱ्या चढायला गेलो, दगडी अरुंद बोळ, एका बाजूला इंका भिंत, मधून पाण्याची चारी. पंधरा-वीस पायऱ्या झाल्या आणि ती भिंतीला हात लावून उभी राहिली, बॅग पाठीवरून काढून पोटाशी धरलेली आणि ओठ पांढरे. मी वरून हाक मारतेय चल ना, दोन मिनिटं राहिलीत. संध्याकाळी तिचं डोकं ठणकायला लागलं, जेवण बघवेना. आणि मी काय केलं, तिला पांघरूण घालून "दोन तासात येते" सांगून प्लाझा बघायला गेले, कारण मला काहीच होत नव्हतं आणि एवढ्या लांब येऊन खोलीत बसायचं जीवावर आलं होतं. परत आले तर ती बाथरूमच्या दाराशी जमिनीवर बसलेली, दोनदा उलटी झालेली, मला फोन लावत होती आणि माझ्या सिमला रेंज नव्हती. होस्टेलच्या मावशीने तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावलं, आकडा बघून तिनेच सिलेंडर आणला, मास्क लावला, कोका पानांचा चहा करून दिला, रात्रभर दर तासाला दार वाजवून बघत होती. ते माझं काम होतं. आजही ती रात्र आठवली की वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी टॅक्सी करून आम्ही खाली ओयांतायतांबोला गेलो, ते २,८०० च्या आसपास, आणि दुपारी तिने पूर्ण ताट जेवलं. म्हणून सांगते, विमानतळावरून थेट खाली सेक्रेड व्हॅलीत (उरुबांबा नदीच्या खोऱ्यात) जा, उरुबांबा नाहीतर ओयांतायतांबो, दोन रात्री तिथे काढा, मग माचू पिक्चू (ते २,४३० वर आहे, कुस्कोपेक्षा खाली, श्वासाला सोपं) आणि कुस्को शेवटी निवांत. रेनबो माउंटन करायचंच असेल तर अगदी शेवटच्या दिवसांत. उंचीच्या त्रासावर डायमॉक्सची गोळी असते पण ती इथल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा. पहिले दोन दिवस दारू नको, रात्री पोटभर जेवण नको, पाणी भरपूर.

आणि निघायच्या आधी दोघांनी बसून बोलून घ्या की एकाला त्रास झाला तर दुसरा त्याच्याजवळ थांबणार, काहीही बघायचं राहिलं तरी. आधी ठरलेलं असलं की आजारी माणूस "जा रे तू, मी ठीक आहे" म्हणत नाही.

सिन्नरकर

वरच्या ताईंचं शंभर टक्के बरोबर. मी फक्त कुस्कोत हळूहळू काय बघायचं ते सांगतो, कारण लोक ते शहर माचू पिक्चूचा स्टँड असल्यासारखं वापरतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

मी सिन्नरचा, लहानपणापासून गोंदेश्वराचं देऊळ बघत आलोय, चुना न वापरता दगडावर दगड बसवलेला. कुस्कोत हातुन रुमियोक नावाच्या गल्लीत उभा राहिलो आणि पहिलं तेच आठवलं. तिथे एक हिरवट राखाडी दगड आहे बारा कोनांचा, आजूबाजूचे दगड त्याच्या प्रत्येक कोनात असे बसलेत की सांध्यात सुरीचं पातं जात नाही. हात लावू देत नाहीत, पहारेकरी असतो, पण डोळा जवळ नेऊन बघा. भिंत सरळ नाही, वर जाताना आत कललेली आहे, भूकंपात ती हलते आणि परत बसते. कोरिकांचा म्हणजे इंकांचं सूर्यमंदिर, त्याच्यावर स्पॅनिशांनी सांतो दोमिंगोचा मठ बांधला, १९५० च्या भूकंपात मठाची बरीच पडझड झाली आणि आतल्या इंका भिंती उघड्या पडल्या, त्या जागच्या जागी उभ्या होत्या. तिथे मी अडीच तास होतो. त्याचं तिकीट वेगळं. साक्सायवामान मात्र बोलेतो तुरिस्तिकोत (अनेक ठिकाणांचं एकत्र तिकीट) येतं, १३० सोल, दहा दिवस चालतं, सोळा ठिकाणं. साक्सायवामान शहराच्याही वर आहे, टॅक्सीने वर जा आणि चालत खाली उतरा.

जेवणाचं टेन्शन घेऊ नका पण सावध रहा. सान पेद्रो मार्केटला जा, बटाट्यांचीच अख्खी ओळ, जांभळे, काळे, वाकडेतिकडे, आतून लाल रेषांचे. बटाटा मूळचा तिकडचाच, आपण उपासाला खातो तो. हरभऱ्याएवढ्या दाण्याचं मक्याचं कणीस उकडून चीजच्या तुकड्याबरोबर देतात, ते तुमच्या मित्राला नक्की आवडेल. किनवाचं सूप सगळीकडे मिळतं पण ते कोंबडीच्या पाण्यात केलेलं असू शकतं, म्हणून नुसतं वेहेतारियानो (शाकाहारी) म्हणून भागत नाही, सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन कालदो दे पोयो, सिन वेवो (मांस, कोंबडी, मासा, कोंबडीचं पाणी, अंडं यातलं काही नको) असं पूर्ण म्हणायचं, कागदावर लिहून ठेवा. त्याच्यासाठी मेतकूट, भाजणी आणि शेंगदाण्याची चटणी न्या, गरम भात बहुतेक सगळीकडे मिळतो. फळं-भाज्या कच्च्या नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

मेरी_रोडवरून

व्हिसाचं. तुमच्या अमेरिकन व्हिसाची मुदत सहा महिने शिल्लक असेल तर पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. मित्राला दिल्लीच्या पेरू दूतावासातून घ्यावा लागेल, आत्ताच लागा. आणि तिकीट काढताना अमेरिकेमार्गे काढू नका, तिथे नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो, तुम्ही पुढे जाल आणि तो मुंबईतच राहील. आमच्या ग्रुपमधे हेच झालं होतं, ज्या एजंटने तिकीट काढलं त्याने विचारलंच नव्हतं. युरोपातून जाणार असाल तर त्या देशाचा ट्रान्झिटचा नियम आधी वाचा.

दुसरं म्हणजे यलो फीव्हरची लस. तिकडे जाताना नाही विचारलं तरी परत येताना आपल्याच विमानतळावर पेरूहून आलेल्यांना कार्ड मागतात, नसेल तर सहा दिवस क्वारंटाइनला ठेवू शकतात. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची, मुंबईत मिळते. आणि कोकाची पानं, चहाच्या पुड्या, गोळ्या काही आठवण म्हणून आणू नका, तिकडे टेबलावर फुकट ठेवलेलं असतं पण आपल्याकडे तो गुन्हा आहे.

माचू पिक्चूचं तिकीट निघायच्या बरंच आधी ऑनलाइन, पासपोर्टवर आहे तसंच नाव टाकून.

सातपूरचा_भटक्या

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मित्राला घरी बोलावून हे सगळं वाचायला दिलं. ताईंचा मेसेज त्याने दोनदा वाचला, मग म्हणाला रेनबो माउंटन काढून टाक. आता विमानतळावरून थेट ओयांतायतांबो, तिथे तीन रात्री. त्याच्या आईला मेतकुटाचं सांगितलं तर त्यांनी लगेच डाळी भाजायला काढल्या. एक राहिलं, ओयांतायतांबोहून पुढे ट्रेन फार महाग दिसतेय, चालत जाता येतं का?

गोदाकाठची

येतं. हिद्रोएलेक्त्रिकापर्यंत (जलविद्युत केंद्राजवळचा थांबा) मिनीबस, कुस्कोहून सहा-सात तास, घाट जबरदस्त वळणांचा आहे, गाडी लागत असेल तर गोळी घ्या. तिथून रुळाच्या कडेकडेने दहा-अकरा किलोमीटर, सपाट, बाजूला नदी. अंधाराच्या आत आग्वास कालियेंतेस, म्हणजे माचू पिक्चूच्या पायथ्याचं गाव, गाठायचं. मे एंडला पाऊस नसतो पण रात्री फार गारठा असतो, कानटोपी दोघांचीही घ्या.