मदत हवी आहे: २०१० चा लॅपटॉप पेनड्राइव्हवरून बूटच होत नाही, आत बाबांच्या नाटकांच्या संहिता आहेत

नमस्कार मंडळी,

बाबांचा जुना लॅपटॉप आहे, कोअर टू ड्युओ, ३ जीबी रॅम, ३२० जीबीची हार्ड डिस्क, ३२ बिटचं विंडोज ७. दोन वर्षं कपाटात पडून होता आणि आमच्या फोंड्याकडे पावसात कपाटातल्या वस्तूंचं काय होतं ते गोंयकारांना सांगायला नको, बॅगेच्या पट्ट्यालासुद्धा बुरशी आली होती. चवथीची साफसफाई करताना बाहेर काढला, चार्जर लावला तर चालू झाला, विंडोजचं चिन्ह येतं, मग निळी स्क्रीन, मग परत पहिल्यापासून. सेफ मोडमध्येही तेच.

आत बाबांनी गावच्या जत्रेसाठी लिहिलेली अकरा नाटकं आहेत. घरी आम्ही कोंकणीच बोलतो पण जत्रेचं नाटक मराठीत, ते पहिल्यापासून तसंच. वह्यांमधून बघून बघून त्यांनी सगळं श्रीलिपी ह्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन बोटांनी टाइप केलं आणि वह्या नंतर वाळवीने खाल्ल्या. यंदा गावातली मुलं त्यातलंच एक नाटक परत बसवताहेत, दिवाळीनंतर तालमी सुरू, आणि संहिता फक्त ह्याच डिस्कवर आहे. एका दुकानात दाखवला तर म्हणाले फॉरमॅट मारून देतो, डेटाचं सांगू शकत नाही. मी तसाच उचलून घरी आणला.

भाच्याने त्याच्या नव्या लॅपटॉपवर रूफस (बूट होणारा पेनड्राइव्ह बनवायचं सॉफ्टवेअर) वापरून लिनक्स मिंटचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमचा, पेनड्राइव्ह करून दिला. एफ१२ दाबलं की मेनूत यूएसबी एचडीडी दिसतं, ते निवडलं की काळी स्क्रीन, डाव्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत राहते, अर्धा तास ठेवून बघितला तरी तेवढंच. तोच पेनड्राइव्ह भाच्याच्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालतो. मग डीव्हीडी करून बघितली, ती घरघर फिरते आणि परत विंडोजच सुरू व्हायला जातं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, जाऊन बूटचा क्रम बदलला, सेव्ह केलं, पण बंद करून चालू केला की क्रम पुन्हा जुना, आणि तारीख १ जानेवारी २००९ दाखवतो.

विंडोज ३२ बिटचं म्हणून ६४ बिटचं मिंट चालत नसेल का? की मशीनच गेलं? कृपया कुणीतरी सांगा.

प्रतिसाद १ (म्हापसा):

ताई, मशीन गेलेलं नाही. कोअर टू ड्युओ ६४ बिटचाच आहे, त्यावर विंडोज कुठलं टाकलंय त्याने काही फरक पडत नाही, तो विचार सोडा. तारीख मागे जाते म्हणजे आतली बटणासारखी बॅटरी संपली, सीआर २०३२ लिहिलेली असते, काही लॅपटॉपमध्ये तिला वायर जोडलेली येते म्हणून उघडून बघूनच घ्या. ती संपली की पूर्ण वीज गेल्यावर बायोस सगळं विसरतं. बदलेपर्यंत दर वेळी एफ१२नेच बूट करा.

पेनड्राइव्हचं मला वाटतं भाच्याने रूफसमध्ये जीपीटी, म्हणजे डिस्कचे भाग मांडायची नवी पद्धत, ठेवलंय. २०१० च्या आसपासचे बहुतेक लॅपटॉप जुन्या बायोसवाले, यूईएफआय, म्हणजे बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत, घरोघरच्या लॅपटॉपवर आली ते साधारण २०१२ ला विंडोज ८ बरोबर. जुनं बायोस फक्त डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा तुकडा वाचतं आणि त्यात जो कोड असेल तो चालवतं, बाकी त्याला काही कळत नाही. यूईएफआय तसं करत नाही, ते पेनड्राइव्हच्या आत ईएफआय नावाच्या फोल्डरमधली फाइल शोधून ती चालवतं. म्हणून भाच्याकडे चालतो आणि तुमच्याकडे रेघ लुकलुकते. रूफसमध्ये पार्टिशन स्कीम एमबीआर, म्हणजे जुनी पद्धत, करायला सांगा, टार्गेटमध्ये बायोस दिसलं पाहिजे, आणि जमलं तर ८ किंवा १६ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, काही जुनी बायोस मोठ्या पेनड्राइव्हवर अडतात. पेनड्राइव्ह आधी लावायचा, मग पॉवर.

डीव्हीडी कॉम्प्युटरला लावून उघडा आणि आत काय दिसतं सांगा.

धागाकर्ती:

दादा खूप आभार. भाच्याला विचारलं, जीपीटीच होतं. डीव्हीडीत एकच फाइल आहे, नावाच्या शेवटी आयएसओ.

प्रतिसाद १:

मग आयएसओ, म्हणजे आख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली नक्कल (इमेज), त्यावर नुसती कॉपी झालीय. इमेज म्हणून बर्न केली असती तर आत कॅस्पर, बूट असे फोल्डर दिसले असते. सोडा ती, पेनड्राइव्हचंच बघा.

प्रतिसाद २ (डिचोली):

एक हात जोडून सांगतो, बूट झालं की डेस्कटॉपवर इन्स्टॉलचं चिन्ह दिसेल, त्याला हात लावू नका! इन्स्टॉल न करताच मिंट पेनड्राइव्हवरून चालतं, त्यातून आधी नाटकं बाहेरच्या डिस्कवर काढा. आणि विंडोजच्या आतला फॉन्ट्स फोल्डर आख्खा घ्या. श्रीलिपीचं जुनं टायपिंग युनिकोड नव्हे, तो फॉन्ट नसेल तर फाइल उघडते पण देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, माझ्या वडिलांच्या कीर्तनाच्या आख्यानांचं असंच झालं होतं आणि फॉन्ट मिळेपर्यंत आम्ही समजत होतो फाइलीच खराब झाल्या.

धागाकर्ती, दुसऱ्या दिवशी:

चालू झालं!! एमबीआर केलं आणि मेनू आला. पहिल्या ओळीवर एंटर मारल्यावर स्क्रीन काळी पडली, मग कम्पॅटिबिलिटी मोडवाली ओळ घेतली तर डेस्कटॉप आला. दहा नाटकं आणि फॉन्ट कॉपी झाले. अकरावं अर्ध्यावर अडकतं, इनपुट आउटपुट एरर म्हणतं, आणि डिस्कमधून टक् टक् आवाज येतो. नेमकं तेच यंदा करायचंय. परत परत कॉपी करून बघू का?

प्रतिसाद २:

नका, आत्ताच बंद करा. टक् टक् म्हणजे डिस्क मरायला टेकलीय, बहुतेक म्हणूनच विंडोजही येत नव्हतं. डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कमधून डेटा काढायचं सॉफ्टवेअर वापरा, मिंटमध्ये टर्मिनलवरून टाकता येतं, नेट जोडलेलं हवं. ते आधी सरळ वाचता येणारा भाग काढून घेतं आणि खराब जागांकडे शेवटी वळतं. आख्ख्या डिस्कच्या इमेजसाठी ५०० जीबीची तरी बाहेरची डिस्क लागेल, आणि मॅपफाइलही, म्हणजे कुठपर्यंत वाचलं त्याची नोंद, तिच्यावरच ठेवा, म्हणजे मध्येच लाइट गेली तरी थांबलं तिथून पुढे सुरू करता येतं. लॅपटॉपची बॅटरी मेलेली असणार, ह्या दिवसांत तेवढं सांभाळा.

धागाकर्ती, तीन दिवसांनी:

पहिल्या रात्री दोनदा लाइट गेली. दोन्ही वेळा मॅपफाइलवरून पुढे सुरू झालं, नाहीतर मी सोडूनच दिलं असतं. इमेज झाली, त्यातून अकरावं नाटक निघालं, दुसऱ्या अंकात अर्धं पान कचरा आलाय पण बाकी सगळं आहे, आणि फॉन्ट टाकल्यावर लिब्रेऑफिसमध्ये देवनागरी स्वच्छ दिसली. बाबा काल रात्री समोर बसून ते अर्धं पान आठवून सांगत होते, मी टाइप करत होते, दोन संवादांवर अजून त्यांचं समाधान होत नाहीये.

आता डिस्क काढून २४० जीबीची एसएसडी घालायची आहे. जुनी डिस्क ९.५ मिलिमीटर जाड आहे आणि नवी ७ ची मिळतेय, ती आत ढिली पडेल का?

प्रतिसाद १:

चालेल ताई, साटाचं कनेक्शन तेच आणि स्क्रूच्या जागाही त्याच. जुन्या डिस्कची पत्र्याची फ्रेम असेल तर ती काढून नवीला लावा, वर फट राहिली तर फोमची पट्टी ठेवा. लॅपटॉप उघडलाच आहे तर ती बटणासारखी बॅटरीही त्याच वेळी बदलून टाका.